शेलवरचा बाण

“दगड फोडायला तुमच्या लोकांचे हात बरे. अर्थ लावायला डोकं लागतं, ते वेदांत बघेल.”

आमचे भूगर्भशास्त्राचे सर भर प्रयोगशाळेत म्हणाले. मुलं हसली. मी छिन्नी हातात घेऊन तशीच उभी. मीही एम.एस्सी.च्याच वर्गातली, वेदांतच्या बाकाशेजारची. पण काम एकच. फोडा, धुवा, त्याच्या टेबलावर मांडा.

दगड म्हणजे शेल. जुन्या चिखलाचा, पापुद्र्या-पापुद्र्याने सुटणारा. चंद्रपूरकडच्या खाणीतून तो मीच काढला होता. काढण्याआधी वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण तुकड्यावर काढायचा, ही आमच्या विषयातली पहिली शिकवण. तोही मीच काढला. खालच्या पापुद्र्यांत अख्खी पानं होती, देठासकट. म्हणजे पाणी निवांत, तळ्याचं. वर पानांचा चुरा आणि वाळू. म्हणजे नंतर तिथे नदी घुसली. मी सरांना सांगायला गेले.

“तुला कुणी विचारलंय का?”

सेमिनारला वेदांतने नेमकं उलटं सांगितलं. आधी नदी, मग तळं. दगड त्याने आयुष्यात कधी फोडला नव्हता, बाण बघायचं त्याला सुचणार कसं? बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी विचारलं, बाण तर अख्खी पानं खाली दाखवतोय, मग तळं नंतरचं कसं? तसे सर माझ्याकडे वळले.

“बाण हिने चुकीचा काढलाय. उभी राहा. सॉरी म्हण सगळ्यांना.”

अंगाची लाही लाही झाली. मुलांचं हसणं गिळलं होतं, फोडणं-धुणं गिळलं होतं. हे घशाखाली उतरेना.

“बाण बरोबर आहे, सर. वाचन चुकलंय.”

“माफी मागत नाहीस तोवर प्रकल्पात तुझं नाव नाही.”

देहूरोडला घरी आले. बाबा चाकणच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आलेले. सगळं ऐकून म्हणाले, “माग की माफी, बाळा. म्या बी सायबाचं ऐकूनच घेतलं आजवर. डिग्री महत्त्वाची हाय.”

त्यांनी किती गिळलं असेल ते मला तेव्हा कळलं, आणि राग दुप्पट झाला. साहेबाने चुकायचं आणि मान आम्ही खाली घालायची. किती पिढ्या?

“नाही मागणार, बाबा.”

नाव गेलं तर जाऊ दे. वर्ष गेलं तर जाऊ दे. पुन्हा खाणीत उतरीन, पुन्हा दगड काढीन, आणि तिथे काय होतं ते माझ्या नावाने लिहीन. दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन मिळणारी डिग्री मला नको. यापुढे ज्याला माझा दगड हवा, त्याने माझं म्हणणंही ऐकायचं. नाहीतर स्वतः फोडायचा.