दुसऱ्या भागातले तेरा खून

मुखवटा घालून एकेकाला गाठणारा खुनी, जीव खाऊन पळणारी पोरं आणि शेवटी वाचलेली एकच मुलगी, असल्या सिनेमांचा मी भक्त आहे. त्यांना स्लॅशर म्हणतात. हा नाद मला पुलगावला कॉलेजात असताना लागला, आणि घरच्यांनी त्याची गणना खर्रा, तंबाखू यांच्याच रांगेत केली. पण खरं सांगायचं तर सिनेमे पाहण्यापेक्षा मला जास्त मजा यायची ती दुसऱ्या भागांना शिव्या घालण्यात. पहिल्या भागात खुनी कोण, कुठला, हे कुणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्या भागात तो ओळखीचा पाहुणा होऊन येतो. कोणत्या दारानं येणार ते माहीत असतं, आणि आल्यावर त्याचं बालपणही ऐकून घ्यावं लागतं. पहिल्यात दोन माणसं मरतात आणि आपण श्वास रोखून बसतो. दुसऱ्यात वीस मरतात आणि आपण शेंगा सोलत असतो. हे सगळं मी इंटरनेटवर मोठमोठे लेख लिहून जगाला समजावलं होतं. लोकांनी मागितलं म्हणून काहीही वाढायचं का, असा माझा सवाल होता.

मग मी स्वतः एक दुसरा भाग काढला.

पहिल्यापासून सांगतो. पुलगावकडच्या तळेगावच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. चारेक वर्षांपूर्वी कापूस घरात येऊन पऱ्हाटीची वाळकी झाडं उपटायचे दिवस होते. माझा आतेभाऊ बऱ्या कॅमेऱ्याचा मोबाईल घेऊन आला, आणि दोघांनी मिळून आमच्याच वावरात बारा मिनिटांचा सिनेमा करायचं ठरवलं. खुन्याच्या डोक्यावर खताचं रिकामं पोतं, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, आणि हातात पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा. तो चिमटा नुसता पाहिला तरी माणसाला आपली मान चाचपावीशी वाटते. खुनी आतेभाऊ होणार होता, पण पोत्याच्या आत त्याला हसू आवरेना. सगळं पोतं गदगदा हलायचं.

तेवढ्यात मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आमचा डबा घेऊन आली. ही दोन पोट्टी काय करून राहिली ते पाहायला ती वावराच्या कडेला धुऱ्यावर थांबली. थांबली ती थांबलीच. डबा खाली ठेवला नाही, पाय बदलला नाही, पदरही सारखा केला नाही. रानडुकरांवर नजर ठेवून ठेवून तिला ती सवय लागलेली. मी सहज मोबाईल तिकडे वळवला आणि पडद्यावर ती दूरची, न हलणारी बाई पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"मोठी आई, तू होतं का खुनी?"

"मले काय करा लागते?"

"काईच नाई. नुसती उभी राह्यजो."

"बाप्पा! थे त मी रोजच करतो," ती म्हणाली आणि पोतं डोक्यात घालून मोकळी झाली.

त्या सिनेमात दोनच खून होते, एक माझा आणि एक आतेभावाचा. संवाद जवळजवळ नाहीत. पोतंवाला वावरात कुठेतरी लांब उभा असतो, आणि दर वेळी थोडा जवळ असतो, बस. शाळेतल्या गुरुजींकडून प्रोजेक्टर आणला, समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या आणि भर दुपारी सिनेमा दाखवला. बाया किंचाळल्या. एक म्हातारबुवा चप्पल न घालताच बाहेर पळाले. पुढचे कित्येक दिवस लोक वावरात पोतं टांगलेलं दिसलं की वाट बदलून जायचे.

आणि पोत्यात कोण होतं हे आम्ही तिघांनी कुणालाच सांगितलं नाही. गावभर तर्क चालले. चक्कीवर दळण घेऊन बसलेल्या बायांमध्ये तर रोज नवा खुनी निघायचा. मोठी आई त्यांच्यातच बसायची, पीठ चाळल्यासारखा प्रत्येक नावाचा विचार करायची आणि शेवटी म्हणायची, "मले त चक्कीवालाच वाट्टे." तो बिचारा वर्षभर सफाई देत राहिला. घरी आली की ती मला सगळा वृत्तांत द्यायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. एकदा हसता हसता थांबून म्हणाली, "बत्तीस वर्सं झाले मले या गावात येऊन. मले कोनी भेलं, असं पह्यल्यांदाच झालं, बाबू." असं खुशीत बोलताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

पण गावाला दुसरा भाग पाहिजे होता. नुसता पाहायला नव्हे, त्यात मरायला. पहिल्यात मीच मेलो म्हणून माझ्यावर स्वार्थीपणाचा आरोप झाला. माझ्या पोराला काऊन नाई मारलं, म्हणून एक काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आता गावात राहायचं तर कुणाला नाही म्हणता येत नाही. मी होकार देत गेलो आणि आकडा तेरावर जाऊन थांबला.

तेरा खून म्हटले की मानपान आलाच. पहिला खून कुणाचा, यावर आजी सरपंच आणि माजी सरपंच यांच्यात दोन बैठका झाल्या. शेवटी दोघांना एकाच वेळी, एकाच झाडाखाली, सारख्याच अंतरावर मारायचं ठरलं. एका घरात दोन खून दिले तर दुसऱ्या घरानं विचारलं, आमच्या घरातला का एकच मरणार? त्यात ऐन वेळी गावचे जावई सुटीवर आले. त्यांना वगळणं शक्यच नव्हतं. मी त्यांना विहिरीजवळ उभं केलं तर सासरेबुवा धावत आले.

"जावयाले उभ्या उभ्या मारतं काय बे? चटई टाक पह्यले!"

चटई आली, चहा आला, दुपट्टा-टोपी झाली, आणि जावईबापूंचा बसल्या जागी आदरपूर्वक खून करण्यात आला. मोठी आई पोत्याच्या आत घामानं भिजून ताटकळत होती. मारण्याआधी तिनं रिवाजाप्रमाणे डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणजे पोतं सारखं केलं.

आता गुरुजींनी आपला मुद्दा काढला. प्रोजेक्टर त्यांचा, त्यामुळे ऐकणं भाग होतं. ते म्हणाले, "कारन नाई त मानूस काऊन मारन? काईतरी दाखव." मग मी कारण लिहिलं. खुनी एका लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो आणि त्याला कुणी आग्रहच करत नाही. वाढपी समोरून बुंदीची बादली घेऊन सरळ पुढे जातो. मला वाटलं, बरं जमलंय.

राहिला शेवट. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, तोंड दाखव. वर्षभर डोकं खाजवलं, आता कळू दे. मी मोठ्या आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "दाखवाच लागते काय?"

"लोकायची इच्छा हाये."

"तुले काय वाट्टे?"

मला काय वाटतं ते मी जगाला लेख लिहून सांगून बसलो होतो. तिला मात्र मी म्हणालो, "दाखवू ना. चांगलं वाटन." मला टाळ्यांची हाव सुटली होती, दुसरं काही नाही. तिनं पुढे वाद घातला नाही. शेवटच्या दिवशी लग्नातलं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून आली आणि त्यावर पोतं चढवलं.

पुन्हा समाजमंदिर, पुन्हा ताडपत्र्या. पाऊण तासाच्या त्या सिनेमात कुणी एकदाही किंचाळलं नाही. जो मरायचा त्याच्या घरचे टाळ्या वाजवायचे. पंगतीचा प्रसंग आला तेव्हा मागून एक आवाज आला, "बुंदी नाई वाढली? मंग बरोबरच हाये ना त्याचं!" आणि सगळं समाजमंदिर खुन्याच्या बाजूनं झालं. त्यानंतर त्याला भिणार कोण? मग पोतं निघालं. आणि एकदम हशा पिकला. "अवो, हे त आपली...!" म्हणत बाया एकमेकींवर कोसळल्या. जावईबापूंनी शिट्टी मारली. सगळ्यांना खरोखर आनंद झाला होता, ते तिच्यावर प्रेमच करत होते. मोठी आई त्यांच्यात बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. तिचं हसणं सगळ्यांच्या आधी थांबलं.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर तिला कुणी तरी म्हणालं, "खुनीबाई, पोतं इकडं ठेवा." परत हशा. चक्कीवाला तर वर्षाचा सूड घेतल्यासारखा हसला. आठवडाभरानं तेही संपलं. नंतर तिथे कापसाच्या भावाच्या आणि पावसाच्या गप्पा सुरू झाल्या, आणि ती गप्प बसून आपला नंबर येण्याची वाट पाहू लागली.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मोठी आई, माझं चुकलं. नोतं दाखवा लागत."

"सिनेमा त चांगला झाला. लोक हासले," ती म्हणाली. सुपातलं धान्य पाखडत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वर्सभर त्यायच्यात बसत होतो, अन् मी कोन हाव थे कोनाले मालूम नोतं. लय बरं वाटे, बाबू. आता मी आपली मीच हाव."

दुसऱ्या भागांवर मी इतकं लिहिलं होतं, पण पोत्याच्या आतल्या माणसाचं काय होतं, हे माझ्या एकाही लेखात नव्हतं. घरी येऊन मी सिनेमातली शेवटची चार मिनिटं कापून टाकली. पण तोवर तो गावातल्या झाडून साऱ्या मोबाईलमध्ये पोचला होता, आणि जागा कमी पडते म्हणून लोकांनी बाकीचा सिनेमा पुसून फक्त तीच चार मिनिटं ठेवली होती.