दिलीपकाका आणि कलम नऊ

घर बांधायला घेतलं की दारासमोर तीन गोष्टींचे ढीग लागतात: विटा, रेती आणि किस्से. विटा संपतात. रेती शेजारी थोडी थोडी घेऊन जातात. किस्से तेवढे जागचे हलत नाहीत. मलकापूरच्या आमच्या नव्या कॉलनीत तर ते इतके साचलेत की त्यांच्यावर अजून एक मजला चढेल. कारण कॉलनीतली बहुतेक घरं एकाच माणसानं बांधली आहेत, किंवा बांधायला घेतली आहेत. ठेकेदार दिलीपकाका.

काका माझ्या बाबांचे शाळेतले दोस्त. बाबा वडनेर भोलजीला शिक्षक. मी अकोल्याहून एलएलबी होऊन घरी आले, तेव्हा आमच्या प्लॉटवर पाया खोदून झाला होता. करार? नव्हता. घर कधी पूर्ण होणार, सिमेंट कोणतं, उशीर झाला तर काय, सगळं काकांच्या डोक्यात. आणि भाड्याच्या घराचा मालक तर सांगून बसला होता: मेअखेर खोल्या रिकाम्या करा, पोरगा सुरतेहून कायमचा परत येतोय. म्हणजे जूनमध्ये आम्ही तिघं एकतर नव्या घरात, नाहीतर रस्त्यावर.

"काका, लेखी करार पाहिजे," मी म्हटलं.

काकांनी तंबाखू मळता मळता बाबांकडे पाहिलं. "काऊन बे सिद्धार्थ, पोट्टीले वकील केलं ते माह्यावरच चालवाले?"

बाबा पायाच्या खड्ड्यात पाहत म्हणाले, "नवीन हाये. निवेल."

*

मी निवले नाही. बाबा ऐकेनात, म्हणून शेजारच्या प्लॉटवर दिलीपकाकांकडूनच घर बांधून घेणाऱ्या जोशीकाकांना गाठलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत क्लार्की केलेला माणूस; कागदाची किंमत यांना कळेल, असा माझा हिशेब. आणि ती कळली. त्यांनी मी लिहिलेला करार चष्मा लावून वाचला, दोन प्रतींवर सह्या केल्या, दिलीपकाकांच्या घेतल्या. मला वाटलं, क्रांती सुरू झाली.

त्यांच्या भूमिपूजनाला मी मुद्दाम गेले. जोशीकाकांनी कलशात पंचरत्न घातलं, चांदीचे नाग-नागीण घातले, आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला करार घातला. दोन्ही प्रती.

"काका, हे काय?"

"या घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. पायातच शोभतो."

"दोन्ही?"

"एकच पुरली तर जोड मोडते."

दिलीपकाकांनी त्यावर ज्या तडफेनं काँक्रीट ओतलं, तशी तडफ त्या साइटवर पुन्हा कोणाला दिसली नाही. पुढे जिना ठरल्यापेक्षा अरुंद निघाला. जोशीकाका संतापले, मी म्हटलं, आता करार दाखवा. त्यांनी कॉलमकडे बोट केलं.

दिलीपकाका फार समजुतीनं म्हणाले, "काढा की मंग, काका. माही ना नाई."

*

त्यानंतर मी ठरवलं, एकेकाला समजावण्यात अर्थ नाही. रविवारी वंदनेनंतर विहारात लोक बसलेले असतात, तिथंच बोलायला उभी राहिले. घर बांधून देणं ही कायद्यानं सेवा आहे. काम खराब झालं तर ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. एकट्यादुकट्या घराला बिल्डरांसाठीच्या रेरा कायद्याचं छत्र नसतं, म्हणून तर आपला करार पक्का हवा. परवानगीशिवाय बांधलंत तर नगरपालिका पाडू शकते, वर दंड, वर तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो.

सगळ्यात जोरात टाळ्या पहिल्या रांगेत बसलेल्या दिलीपकाकांनी वाजवल्या.

मग मागून एक आजोबा उठले. "बाई, लय चांगलं सांगतलं. आता एकच सांग. तुह्या बाबानं करार केला काय?"

त्या रात्री ताटावरून उठताना बाबा म्हणाले, "लिही."

*

मी लिहिलं. दिलीपकाकांना पैशाचा दंड मान्य नव्हता. "पैशाचा दंड म्हंजे दोस्तीवर अविश्वास." ठीक आहे. मी कलम नऊ टाकलं: ठरलेल्या मुदतीत घराचा ताबा न दिल्यास, ताबा देईपर्यंत मालकाच्या कुटुंबाच्या राहण्याची सोय ठेकेदार स्वखर्चानं करील.

काकांनी न वाचताच पेन उचललं.

"काका, वाचा तरी."

"वाचून सही केली की भांडण लागते, वकीलबाई."

सही झाली आणि बाबांनी त्यांची माफी मागून वर चहा पाजला.

*

मेमध्ये आमच्या घराला भिंती होत्या, स्लॅब होता, स्लॅबच्या दिवशीचं जेवणही झालं होतं. त्या जेवणाला दिलीपकाका अगदी वेळेवर आले होते. दारं नव्हती, फरशी नव्हती, संडासाच्या जागी एक सुबक खड्डा होता. रोज एक कारण. मिस्त्रीचं लग्न. मिस्त्रीच्या साळीचं लग्न. मिस्त्रीच लापता.

मी रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. काका दोन गल्ल्या पलीकडे राहतात, पण कायदा म्हणजे कायदा. मिळाली त्याच संध्याकाळी ते ती नोटीस घेऊन आमच्याकडे आले आणि बाबांच्या हातात दिली. "चष्मा घरी राह्यला. तुह्या पोट्टीनं काय लिव्हलं, वाच बरं."

आणि माझ्या बाबांनी ती वाचली. वर्गात धडा वाचतात तशी, स्वल्पविरामाला थांबून. 'आपल्या सेवेतील गंभीर त्रुटी' आलं तेव्हा आवाज थोडा खाली घेतला.

काका तल्लीन होऊन ऐकत होते. "मस्त लिव्हते बे. पुढं जाईल." मग माझ्याकडे वळून, "बुलडाण्याले ग्राहक आयोगात तारीख लागली का सांगजो. बससाठी काऊन ताटकळता, माही गाडी हाये. संगंच जाऊ."

आई आतून म्हणाली, "सामान कुठं ठेवाचं ते ठरवा आधी."

*

मेअखेर घरमालकाचा पोरगा ट्रकसकट दारात उभा राहिला. आम्ही टेम्पो भरला. फ्रीज, दोन पलंग, आईची शिलाई मशीन, बाबांची पुस्तकं. ड्रायव्हरनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, दिलीपकाकांकडे. बाबा टेम्पोत बसायलाच तयार नव्हते. आईनं त्यांना बसवलं.

काका बनियनवर बाहेर आले. "हे काय?"

"कलम नऊ."

त्यांनी करार मागितला आणि अंगणात उभ्या उभ्या वाचला. तोवर त्यांच्या बायकोनं, सुनंदाकाकूंनी, आईच्या हातातली मशीन घेऊनही टाकली होती. "या वैनी. दमल्या असान."

काकू बोलायला गोड, पण त्यांच्या घरी न्हाणीघर एकच. बाबा पहाटेच आत शिरत आणि त्रिशरण-पंचशील पूर्ण झाल्याशिवाय बाहेर येत नसत. दिलीपकाका टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत. पुढच्या खोलीत आमचे पलंग, म्हणून ठेकेदाराचं अंथरूण गच्चीवर. आणि रोज ताट वाढायच्या आधी काकू विचारत, "आज काय झालं गुरुजीच्या घरी?" उत्तर पसंत पडलं तरच भाकर ताटात पडे.

लापता मिस्त्री सापडला. दारं आली. फरशी आली. खड्ड्याचा संडास झाला. जे माझ्या नोटिशीनं झालं नव्हतं, ते कोरड्या ताटानं झालं. कायद्याच्या पुस्तकात या उपायाचा कुठं उल्लेख नाही.

*

निघायच्या दिवशी टेम्पो पुन्हा भरला. दिलीपकाकांनी किल्ली बाबांच्या हातात ठेवली. दोघंही दोस्त थोडे ओलावले होते. तेवढ्यात काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ओट्याला फरशी नव्हती. खिडकीला चौकट होती, पल्ले नव्हते; तिथं सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या शिवून लावलेल्या. मी रोजच पाहत होते.

"मला वाटलं, काम चालू आहे," मी म्हटलं.

"हाव, चालूच हाये. माह्या लग्नापासून." त्यांनी पदर खोचला. "तसा एक कागद मले पण करून दे. त्यायची सही मी घेतो."

"उशीर झाला तर दंड काय लिहू, काकू?"

काकूंनी पिशवी बाजूला सारून बाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं.

"तुमच्या नव्या घरी एक खोली जास्तीची हाये ना?"