नळीतला पिवळा रंग

आमचा कारखाना धानाच्या भुशावर वीज बनवते. बालाघाटचं सांडपानी साफ होऊन आमच्याकडं येते अन् थंड करायच्या टावरमंधी फिरते. या पान्यात शेवाळ लवकर धरते. थे मारायले क्लोरीन टाकतेत. थो पान्यात उरला का नाही, हे नळीत तपासायचे थेंब टाकून पाह्याचं काम माह्यं. पानी पिवळं झालं, तर क्लोरीन हाय.

रोज सकाळी मी नळी भरायची, थेंब टाकायची अन् चहा प्यायले जायची. परत येईपर्यंत पानी मस्त पिवळं. रजिस्टरात लिहायची: क्लोरीन बरोबर.

टावरची देखरेख करनारे काका भरवेलीहून सायकलनं येत. थे वरच्या फळ्या रोज हातानं चाचपत.

"पोरी, फळी बुळबुळीत होऊन राह्यली. औषध लागून नाही राह्यलं."

"मंग नळी खोटं बोलते काय?" मी तडकून म्हनलं. "तुमचा हात मशीन हाय काय?" माह्या कामात कोनी बोट घातलं का माह्यं डोस्कंच फिरते.

तिसऱ्या दिवशी काका म्हनले, "चाल, तुह्या हातानं पाह्य."

मी नुकतेच थेंब टाकले होते. पानी अजून साधंच होतं. नळी स्टँडात ठेवली अन् पाय आपटत त्यायच्या मांगं चढली.

काका वाकले, फळीवरची हिरवी घान हातानं पुसून मले दाखवली, अन् त्यायचा पाय सटकला. एक पाय दोन फळ्यांमंधी अडकला, बाकीचं अंग खाली लोंबकळलं. खाली दोन मानसं बुडतील एवढं पानी. मी पोटावर पडून त्यायचा हात धरला. त्याच घानीनं थो माह्या मुठीतून निसटून राह्यला होता.

"काका, सोडू नका!"

"मी कुठं सोडून राह्यलो, माय? तू धर!"

मी घसा फाटेपर्यंत ओरडली. दोन फिटर धावत आले, तवा थे वर निघाले. पाय दोन जागी मोडला होता.

त्यायले गाडीत घातल्यावर मी लॅबमंधी आली. स्टँडातली नळी मस्त पिवळी झालती. बाप्पा! मोकळा क्लोरीन असता, तर थेंब टाकल्याबरोबर रंग आला असता. सांडपान्यातल्या अमोनियानं थो बांधून ठेवला होता. असा बांधलेला क्लोरीन शेवाळाले नीट मारत नाही, पन नळीले हळूहळू पिवळी करते. माह्या चहाएवढ्या वेळात.

संध्याकाळी दवाखान्यात मी त्यायले सारं सांगतलं. रडू आवरत नव्हतं. डॉक्टर म्हनले होते, आता चढनं कायमचं बंद.

काका म्हनले, "आता फळ्या कोन पाह्यते?"

"मी."

"हौ. पन दोर बांधून जाजो, पोरी."