दर ओळीमागे एक

भर रस्त्यात मला ओचा सोडायला लावला. कारंजा गावात, छापखान्याच्या पायरीवर, संध्याकाळी. कापसाच्या गाड्या बाजारातून परतत होत्या. एका हातानं लुगडं धरलं, दुसऱ्यानं पदर झटकला. पडलं काही नाही. विडीच्या दुकानापुढचे चौघं हसले. मालकांचा पुतण्या म्हणाला, "तांड्यावरची आहे थे. लपवलेलं असं सापडते काय?"

मी एकोणीस वर्षांची होते. आसेगावकडच्या तांड्यावरून कापूस वेचायला आले आणि कारंज्यातच राहिले. लुगडं नेसायलाही इथंच शिकले. छापखान्यात माझं काम खिळे सोडायचं. म्हणजे छपाई झाली की शिशाची अक्षरं धुऊन-पुसून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची. अक्षरं मी अशी शिकले. उलटी. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

मालकांनी त्या साली जाहिरातींसाठी नवा मोठा टाईप आणला. तो चोरीला जाईल म्हणून मॅट्रिक झालेल्या पुतण्याला मोजायला बसवलं. सकाळी खिळे जुळवणारे खंडूमामा. एक खिळा बसवला की कागदावर एक टिंब द्यायचे. संध्याकाळी, मी धुऊन ओळीतच ठेवलेले तेच खिळे खणात जाण्याआधी पुतण्या चिंचोक्यांनी मोजायचा. दोन्ही आकडे जुळले नाहीत की चोर मी. दारातली झडती मात्र रोजची, आणि ती आम्हा दोघी बायांचीच. माझी आणि शांताबाईची. पुरुष विडी पेटवत घरी जात.

ओचा सोडायला लावला त्या दिवशी चौदा खिळे कमी भरले होते. रात्री झोप आली नाही असं काही नाही. झोपले. पण सकाळी भाकरी थापताना लक्षात आलं की कालच्या जाहिरातीत ओळी चौदाच होत्या. त्याआधी नऊ कमी भरले तेव्हा ओळी नऊ. सहाच्या वेळी सहा. एवढा नेमका चोर कोण असेल, जो दर ओळीमागे एकच अक्षर नेतो?

त्या दिवशी हातातलं काम हळू केलं आणि मोजताना पुतण्याचा हात पाहिला. बोट ओळीच्या पहिल्या अक्षरावर ठेवायचा. पुढच्या अक्षरावर सरकला की वाटीत एक चिंचोका. पुन्हा सरकला की आणखी एक. अक्षरं संपली की थांबायचा. शेवटच्या अक्षरावरून पुढं सरकायला जागाच नाही, म्हणून त्याचा चिंचोका कधी पडतच नव्हता. पुढची ओळ, पुन्हा तसंच. इतके दिवस मी या बोटापायी चोर होते.

मी मालकांना बोलावलं. मोठ्या टाईपातला एकच 'क' पाटीवर ठेवला आणि पुतण्याला म्हटलं,

"भाऊ, हे मोजा."

"एक आहे. डोळे नाहीत काय तुले?"

"डोळ्यानं नाही. रोजच्या रीतीनं मोजा."

त्यानं बोट ठेवलं. पुढं अक्षर नव्हतं. बोट तिथंच राहिलं. वाटी रिकामी. मालकांनी विचारलं, किती झाले. त्यानं वाटीत डोकावून पाहिलं.

मी म्हटलं, "मालक, एकच खिळा ठेवला, अन् तोई मीच चोरला."

खंडूमामांनी तोंडावर दुपट्टा धरला.

मग मी त्याला सांगितलं, सरकल्यावर नाही, अक्षरावर बोट टेकलं की चिंचोका टाका. कालची जाहिरात झडतीच्या गोंधळात सोडायची राहिली होती. ती मालकांसमोर पुन्हा मोजली. चौदाच्या चौदा ओळी. मामांची टिंबं आणि वाटीतले चिंचोके बरोबर जुळले. मालक म्हणाले, चला, गैरसमज झाला होता. पुतण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटलं, संपलं.

सहा वाजता पुतण्या दारात उभा.

"झटक."

"आता कायले? जुळलं ना सगळं?"

मालक दारात येत म्हणाले, "रीत आहे बाई. रोज झटकतेस, आज काय झालं?"

"मोजायची रीत चुकली होती, थे बदलली तुमी. आता हे बदला. नाही तर आधी याहिले धोतर झटकाले लावा. कालच्याच पायरीवर. चुकले तर हे."

विडीच्या दुकानापुढं तेच चौघं होते. कुणी हसलं नाही. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." मी पदर खोचला आणि त्यांच्या दोघांच्या मधून पायरी उतरले. मागं शांताबाईनं पदर झटकल्याचा आवाज आला. तिला तीन लेकरं होती. मी तिला दोष देत नाही.

सहा महिने पुन्हा कापूस वेचला. मग वाशीमला दुसऱ्या छापखान्यात लागले. आज तिथला खिळ्यांचा विभाग माझ्याकडे आहे. हाताखाली पाच बाया, दोन गडी. दारात कुणी उभं राहत नाही. नव्या मालकानं एकदा झडतीचा विषय काढला, तेव्हा मी त्याला बसवून सांगितलं. मोजायचं असेल तर आमच्यासमोर मोजा. आकडा चुकला तर आधी मोजणाऱ्याचा हात तपासू, मग बाईचा पदर. आणि हात चुकीचा निघाला, तर ज्या रस्त्यावर चोर म्हटलं त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मोठ्यानं, चुकलो म्हणायचं. हे कबूल नसेल तर उद्या खिळे तुमचे तुम्ही सोडा.