काखेतलं गळू आणि लोहाची बाटली

आमच्या गावच्या दवाखानेवाल्याने मला फसवलं, आणि माझ्या काखेतल्या जंतूने आम्हा दोघांना.

आळे गावाच्या रस्त्याला माझा भंगाराचा धंदा आहे. जळक्या मोटारी, जुने पंप घ्यायचे, फोडायचे, लोखंड वेगळं, तांबं वेगळं. सुरुवात हातगाडीवर केली. आज वजनकाटा माझा स्वतःचा आहे. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी जन्मात मान्य केलेला नाही.

उजव्या काखेत गळू आलं तेव्हा बायकोने भाजलेला कांदा हळद लावून बांधला. गळू फुटायचं सोडून वाढलं. घण उचलता येईना, म्हणून दवाखान्यात गेलो. त्याने रक्त तपासायला लावलं आणि कागद वाचून म्हणाला, "लोह कमी हाये, भाऊ. पण आधी चिरा मारावा लागंल. घोडेगावला जा, चिठ्ठी देतो."

"चिरा न्हाई."

"मग निदान पू सुकायच्या गोळ्या घ्या."

"लोह कमी हाये म्हणता ना? तेवढंच द्या."

तो हसला. "दिवसभर लोखंडात लोळता आन् अंगात लोखंड न्हाई व्हय, राव?" असं म्हणत त्याने काळ्या औषधाची बाटली पुढे सरकवली. उठताना मी तिच्यावर आणखी एक फुकट मागून घेतली. सौदा मारला, या खुशीत घरी आलो.

आठ दिवस ते औषध प्यालो. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि दंड खांद्यापर्यंत लालभडक झाला. बायकोने शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून मला घोडेगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी भाव सांगितलाच नाही, सरळ चिरा मारला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाटल्यांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, तुमचं लोह संपलं नव्हतं. असा जंतू शिरला की शरीर लोह कुलपात घालतं, त्याला मिळू नये म्हणून. तेच कागदावर कमी दिसलं."

"मंग त्याला मिळतं कुठनं?"

"तुमच्या रक्तातून. तांबड्या पेशींना तो भोकं पाडतो. आतला लाल माल बाहेर सांडला की पकडतो, त्यातला लोहाचा तुकडा उपटून आत ओढतो आणि तिथे फोडतो."

"बाटल्यांनीच वाढलं का?"

"तसं मी म्हणणार नाही. पण आठ दिवस वाया गेले, हे नक्की."

फोडून लोखंड काढणारा म्हणजे माझ्याच धंद्यातला. पण काय दळभद्री जात! बाई म्हणाल्या, हा एरवी कित्येकांच्या नाकात गुपचूप पडून असतो. म्हणजे फुकट राहायचं, कातडीला ओरखडा दिसला की आत घुसायचं आणि कणभर लोखंडासाठी अख्खी पेशी फोडायची. मी मेलेली मोटार फोडतो, तीही मालकाला विचारून. चालता पंप एका स्क्रूसाठी फोडणाऱ्याला मी माझ्या काट्याजवळ उभा करणार नाही.

त्या जंतूला जाब विचारता येत नाही. दवाखानेवाल्याला येतो, म्हणून गेलो. पेशंट बसलेले असतानाच विचारलं. तो म्हणाला, "मी आधीच चिरा सांगितला व्हता, पावणं. तुमीच घासाघीस केली." बाकावरची माणसं हसली.

केली मी घासाघीस. मी पंपावर करतो, पत्र्यावर करतो, गळूवरही केली. भाव पाडणं हा माझा धंदा आहे आणि समोरचा खाली येतो तो त्याला परवडतं म्हणून, एवढंच मला ठाऊक. याला तर खरा भाव माहीत होता. चिऱ्यावरून गोळ्यांवर आला, गोळ्यांवरून बाटलीवर आला, आणि वर हसला. काखेतला व्रण आवळलाय. हात आता खांद्याच्या वर जात नाही, घण दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. माझं अडाणीपण मी कबूल करतो. पण दवाखानेवाल्या, तू कशाला खाली आलास, याचं उत्तर त्याच बाकावरच्या माणसांसमोर दे.