ओसाड म्हटलेलं गाव

कतारमधल्या दोहा शहरात एका प्रदर्शनात सीरियातल्या रोमन गावाचे फोटो लावले होते. व्यापारामुळे ते गाव रोमनांच्या काळात भरभराटीला आलं, पुढे रस्ते बदलले आणि ते ओसाड पडलं, असं फलकावर लिहिलं होतं. माझ्या शेजारी एक म्हातारा सीरियन ओळींखाली बोट फिरवत वाचत होता. शेवटच्या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"ओसाड?" तो मला हिंदीत म्हणाला. सूक वाकिफ या जुन्या बाजारात भारतीय शिंप्यांबरोबर शिवणकाम करता करता तो हिंदी शिकला होता. "माझा जन्म तिथला. फोटोतल्या या खांबाला लागून आईची रोट्या भाजायची भट्टी होती. रोमन गेले, आम्ही राहिलो. आम्ही माणसं नव्हतो का?"

त्याने तिथल्या अधिकाऱ्याला फलक बदलायला सांगितलं. "बघू, इन्शाल्ला," म्हणत अधिकारी निघून गेला. तेव्हा म्हातारा ती ओळ पाठीने झाकून उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला हेच अरबीत, नाहीतर हिंदीत सांगू लागला. लोक हसून पुढे जात होते. त्या हसण्याचा मला संताप आला.

एवढ्यात एक फिलिपिनो कुटुंब आलं. त्यांना अरबीही कळेना आणि हिंदीही. मी म्हाताऱ्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि इंग्रजीत म्हणालो, "हे गाव ओसाड पडलं नव्हतं. हे आजोबा तिथलेच आहेत, त्यांना विचारा, मी इंग्रजीत सांगतो."