शिवाआजोबांचे डोळे

गडब गावची हौसाआजी माझ्या पेणच्या स्टुडिओत आली ती नवऱ्याचा फोटो करून घ्यायला. शिवाआजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्ध चार दिवसांवर, आणि त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. होता तो पुतण्याच्या लग्नातला, घोळक्यातला. त्यातही टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर पडलेली.

"कोट-टाय चढवू का, आजी?" मी नेहमीप्रमाणे विचारलं.

"जलमभर मिठागरात उभं ऱ्हायलं. आता कोट घालून कुठं जानार?"

सलग दोन दुपारी ती एसटीने आली आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून तिने मला ते डोळे सांगितले. "नाय रे बाला, डावा जरा मिटल्यावानी व्हता. पापनी खाली घे. आनखी." मी लॅपटॉपवर त्या फोटोत डोळे काढायचो, ती मान हलवायची, मी पुसायचो. दुसऱ्या दिवशी साडेचारला ती एकदम पुढे वाकली. पदर तोंडाला लावला. "व्हय. हेच." आणि बस पकडायला गेली.

आता माझा शहाणपणा ऐका. माझा लॅपटॉप बंद पडला म्हणून रोह्याच्या माझ्या मित्राने, हाशिमने, मला त्याचा दिला होता, कतारमध्ये एका फ्रेंच कंपनीत वापरलेला. त्याच्या कीबोर्डवर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांच्या जागा उलटसुलट. हाशिमने बजावलं होतं, "सेटिंगमधी जाऊन इंग्लिश करून टाक, दोन मिनटांचं काम हाय." पण मला मिरवायचं होतं ना! फ्रेंच मशीन आहे, बोटांना सवय लावतोय, असं गिऱ्हाइकांना सांगायचो. कसली सवय! पंधरा वर्षं चूक मागे घ्यायची म्हटली की माझी बोटं न बघता कंट्रोल आणि झेडवर जातात. या कीबोर्डवर त्या जागी डब्ल्यू, आणि कंट्रोल-डब्ल्यूने फाईलच बंद होते.

आजी शेजारी असेपर्यंत मी बटणं बघून दाबत होतो; ती गेल्यावर सदऱ्याच्या कॉलरची रेघ नीट करत होतो. ती वाकडी गेली आणि बोटं गेली सवयीच्या जागी. सेव्ह करायचं का, असं मशीनने विचारलं. बिचाऱ्याने विचारलं तरी! पण मी दिवसभर पासपोर्ट फोटो छापणारा माणूस. छापून झालं की फाईल बंद करायची, प्रश्न न वाचता 'नो'चं 'एन' दाबायचं. तसंच दाबलं. आदल्या रात्रीही फाईल तशीच उघडी ठेवलेली, दोन दिवसांत एकदाही सेव्ह केलं नव्हतं. आजीने सांगितलेले डोळे गेले.

तिला परत बोलवायला हवं होतं. पण श्राद्ध परवावर आलेलं, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. मी मोबाईलवर माझाच फोटो काढला, डावी पापणी जरा खाली ओढली आणि माझे डोळे आजोबांना लावून दिले. फ्रेम घेताना आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय." मी सुटलो असं वाटलं.

सुटलो कसला! पुढे सहा महिने मन खात होतं. गडबवरून जाताना मी रस्त्याकडेही बघत नव्हतो. शेवटी कीबोर्ड इंग्लिश केला, खरोखर दोनच मिनिटं लागली, आणि लॅपटॉप घेऊन आजीच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं आणि डोळे नव्याने काढायचे, असं ठरवलं होतं.

आजी पदराने फ्रेमची काच पुसत होती. "आजी, डोळे जरा चुकलेत. परत करतो. कसे होते ते सांग."

"चुकलंत कुठं?" फोटोकडे बघून ती म्हणाली. "असंच तर व्हतं."

"फोटोकडे नको बघू. आठवून सांग."

तिने डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. मी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होतो.

"आता हेच येतात, बाला," ती म्हणाली. "पैलं येत नाय."

मग डोळे उघडून ती माझ्याकडे बघत राहिली. जवळ आली आणि माझ्या गालावर हात ठेवला. "तुझं डोलं बी त्यांच्यावानीच हायत रे. कसं ध्यानात आलं नाय?"

ते माझेच आहेत, एवढंच सांगायला मी गेलो होतो. सांगितलं नाही. आजी चहा ठेवायला आत गेली.